तेवीस वर्षांची थकबाकी : 'अ मेमरी ऑफ लाइट' हा शेवटचा खंड कसा बांधलाय

'अ मेमरी ऑफ लाइट'चं ३७वं प्रकरण उघडण्याआधी जेवून घ्यावं. प्रकरणाचं नाव 'द लास्ट बॅटल', लांबी सुमारे ८० हजार शब्द, छापील पानं दोनशेच्या आसपास. एवढ्यात आपल्याकडे एक बऱ्यापैकी जाड कादंबरी होते. इथे ते ४९ प्रकरणांपैकी एक आहे. त्यात दृष्टिकोन सत्तरपेक्षा जास्त वेळा बदलतो: सेनापती, मग तोफ ओढणारी बाई, मग शत्रूचा सरदार, मग गर्दीत चुकलेलं पोर. मधे कुठेही प्रकरण तुटत नाही. वाचक दमतो, आणि त्याने दमावं यासाठीच ते तसं रचलंय.

हा खंड म्हणजे रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या महामालिकेचा चौदावा आणि शेवटचा भाग. पहिला भाग, 'द आय ऑफ द वर्ल्ड', जानेवारी १९९०मध्ये आला. शेवटचा ८ जानेवारी २०१३ला. सगळे मिळून सुमारे ४४ लाख शब्द, नाव असलेली पात्रं अडीच हजारांहून जास्त. एवढा पसारा शेवटच्या नऊशे पानांत कसा आवरला, कुठे नीट आवरला आणि कुठे नुसता पलंगाखाली ढकलला, ते इथे पाहायचंय. शेवट पूर्ण उघड केलेला आहे, तेव्हा ज्यांना मालिका कोरी वाचायची आहे त्यांनी थेट शेवटच्या भागाकडे उडी मारावी. तिथे फक्त वाचनाचा क्रम दिलाय.

मालिका अजिबात माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. काळ हे सात आऱ्यांचं चाक आहे. युगं जातात आणि पुन्हा येतात. आपल्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. ते चाक फिरवणारी शक्ती दोन भागांत आहे. स्त्रियांचा भाग साइदार, पुरुषांचा साइदीन. 'डार्क वन' नावाची दुष्ट शक्ती सृष्टीबाहेरच्या कैदेत होती. मागच्या एका युगात त्या कैदेला भोक पडलं. ते घाईघाईत बुजवलं गेलं, पण त्या झटापटीत साइदीन नासली, आणि तेव्हापासून ती वापरणारा प्रत्येक पुरुष वेडा व्हायला लागला. आता ते बुजवलेलं भोक पुन्हा उघडू लागलंय. रँड अल'थोर हा मेंढपाळाच्या घरचा मुलगा म्हणजे ते भोक बुजवणाऱ्याचाच पुनर्जन्म आहे. त्याच्या गावचे मॅट, पेरिन, एग्वेन आणि नायनीव्ह या चौघांनाही कथेत त्याच्याइतकीच जागा आहे. शेवटच्या खंडात दोनच कामं उरतात: रँडने ते भोक कायमचं बुजवायचं, आणि तोवर बाकीच्यांनी जग तगवून धरायचं.

एका खंडाचे तीन कसे झाले

जॉर्डन यांचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर. गाव साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. व्हिएतनामच्या युद्धात दोन फेऱ्या, मग भौतिकशास्त्राची पदवी, मग नौदलात अणुअभियंता. टॉर बुक्सचे टॉम डोहर्टी यांच्याकडे ते मालिका घेऊन गेले तेव्हा तीन खंडांची गोष्ट चालली होती. डोहर्टींनी अनुभवाने सहा खंडांचा करार केला. सहावा खंड १९९४ला आला आणि गोष्ट निम्म्यावरही आली नव्हती.

घोडं अडलं ते आठ ते दहा या खंडांत (१९९८ ते २००३). नववा खंड एका प्रचंड घटनेवर संपतो: साइदीनवरचा कलंक धुतला जातो. दहाव्या खंडाचा बराचसा भाग मग त्याच दिवशी इतर पात्रं कुठे होती आणि त्यांना दूरवर पेटलेली ती शक्ती कशी जाणवली, हे सांगण्यात जातो. प्रत्येक धागा मागे नेऊन त्याच क्षणापर्यंत आणायचा म्हटलं की सहाशे-सातशे पानं घड्याळ हलत नाही. एकाच वेळी बारा-पंधरा धागे चालवणाऱ्या कुठल्याही लेखकाला हा धोका असतो. शेवटच्या खंडावरचा सगळ्यात मोठा बोजाही इथूनच आला, कारण इथे जे पुढे सरकलं नाही ते सगळं शेवटाच्या खात्यावर पडलं.

अकराव्या खंडात (२००५) जॉर्डन यांनी वेग पुन्हा पकडला. बारावा शेवटचाच असेल, मग तो कितीही जाड होवो, असं ते सांगत होते. मार्च २००६मध्ये त्यांनी आजार जाहीर केला: कार्डिॲक अमायलॉइडोसिस. यात हृदयाच्या स्नायूत एक प्रकारचं प्रथिन साचत जातं आणि हृदय ताठर होतं. १६ सप्टेंबर २००७ला ते गेले. तोवर त्यांनी काही प्रसंग पूर्ण लिहिले होते, काहींची टिपणं केली होती आणि बरंच काही घरच्यांना तोंडी सांगितलं होतं. शेवटच्या खंडासाठीचं थेट साहित्य सुमारे दोनशे पानांचं होतं. शेवटचा प्रसंग मात्र त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता, आणि पुढच्या सगळ्या कामाला आधार मिळाला तो त्याचाच. कुठे पोचायचं हे ठरलेलं होतं, वाट सापडायची होती.

त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच मालिकेच्या पहिल्यापासूनच्या संपादक. त्यांनी युटामधल्या तरुण लेखकाची, ब्रँडन सँडरसन यांची निवड केली. जॉर्डन गेल्यावर सँडरसन यांनी लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनात आला होता. मग त्यांनी त्यांची एक कादंबरी वाचली आणि डिसेंबर २००७मध्ये निवड जाहीर झाली. सोबत जॉर्डन यांचे दोन जुने सहायक होते, मारिया सिमन्स आणि ॲलन रोमान्झुक. कोणाचे डोळे कुठल्या रंगाचे, कोण कुठल्या दिवशी कुठे होतं, ही वही त्यांच्याकडे.

आता गणित. सँडरसन यांनी आराखडा मांडला तेव्हा अंदाज आठ लाख शब्दांच्या घरात गेला. प्रत्यक्षात मजकूर दहा लाखांच्या जवळ पोचला. पुठ्ठा बांधणीत अडीच हजारांहून जास्त पानं. एवढी पानं एका कण्यावर बांधता येत नाहीत. बांधली तरी पुस्तक दुसऱ्या वाचनात मधोमध उलतं. म्हणून मार्च २००९मध्ये तीन तुकडे जाहीर झाले: 'द गॅदरिंग स्टॉर्म' (ऑक्टोबर २००९), 'टॉवर्स ऑफ मिडनाइट' (नोव्हेंबर २०१०) आणि 'अ मेमरी ऑफ लाइट'. चाहत्यांत तेव्हा आरडाओरडा झाला की हा प्रकाशकाचा पैसे उकळायचा डाव आहे. पानांची बेरीज पाहिली तर तो आरोप टिकत नाही.

कापायचं कुठे, हा खरा पेच होता. काळाच्या रेषेवर सरळ काप दिला असता तर पहिल्या तुकड्यात प्रत्येक पात्र निम्म्यावर लटकलं असतं आणि एकही गोष्ट पूर्ण झाली नसती; दहाव्या खंडाची चूक पुन्हा. सँडरसन यांनी पात्रांप्रमाणे काप दिला. रँडने मनाचा तळ गाठणं आणि एग्वेनने आयझ सेडाय, म्हणजे शक्ती वापरणाऱ्या स्त्रियांचा, फुटलेला मनोरा (त्यांची संघटना) पुन्हा एक करणं, हे दोन धागे पूर्णपणे पहिल्या पुस्तकात, म्हणजे बाराव्या खंडात, घेतले. पेरिनचा धागा दुसऱ्यात गेला. दोन्ही पुस्तकांना त्यामुळे आपापला कळस मिळाला.

याची किंमत टॅम अल'थोरने मोजली. टॅम म्हणजे रँडचा पालक बाप. पहिल्या पुस्तकात तो रँडला भेटतो, आणि ती भेट गोष्टीला वळण देते. दुसऱ्या पुस्तकात पेरिनचा धागा काही आठवडे मागून सुरू होतो आणि तिथे टॅम पेरिनच्या छावणीत निवांत बसलेला दिसतो. अनेकांना ही चूक वाटली. ती चूक नाही. घड्याळ मागे गेलंय, पण ते सांगणारी पाटी कुठे नाही. एखाद-दुसऱ्या वाक्यात दिवस नोंदवला असता तरी भागलं असतं. तीनही पुस्तकं लागोपाठ वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: तेराव्या खंडातला पेरिन बाराव्या खंडातल्या रँडच्या मागे आहे, आणि दोघं शेवटाकडे एकत्र येतात.

दुसरी ठेच मॅटच्या आवाजाला लागली. मॅटचा विनोद असा की तो स्वतःला विनोदी समजत नाही. तो तक्रार करतो, आपण जबाबदार माणूस नाही असं बजावतो आणि त्याच वेळी जबाबदारीचं काम करत असतो. बाराव्या खंडात तो शाब्दिक कोट्या करणारा गडी झाला, विनोद करतोय हे त्यालाही माहीत असल्यासारखा. मॅट बिघडला हे सँडरसन यांनी नंतर उघडपणे मान्य केलं. चौदाव्यापर्यंत तो बराच सावरलाय. जॉर्डन यांच्या शैलीची नक्कल करायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं. वाक्य थोडं सपाट चालेल, पण माणूस बदललेला चालत नाही.

चार आघाड्या आणि एक अडलेलं घड्याळ

शेवटचा खंड प्रत्यक्षात कसा चालतो ते आता. सुरुवातीला मेरिलॉरच्या मैदानावर सगळे राजे-राण्या जमतात, भांडतात आणि युद्ध चार आघाड्यांत वाटून घेतात. अँडॉरची राणी इलेन दक्षिणेकडे, तिच्यासोबत सेनापती बशीर. कँडॉरमध्ये एग्वेन आणि आयझ सेडाय, सेनापती गॅरेथ ब्राइन. शायनारच्या खिंडीत रँडला तलवार शिकवणारा लॅन, सेनापती ॲगेलमार. आणि शायोल घूल या डोंगराच्या पायथ्याशी सेनापती इटुराल्डे. त्याने फक्त रँड आत असेपर्यंत गुहेचं तोंड राखायचं.

महाभारतात हा प्रश्न सेनापतींवर सोडवलाय. युद्धाची पर्वं भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य अशी कौरव सेनापतींच्या नावाने लागतात, त्यामुळे अठरा दिवसांच्या गर्दीत आपण कुठे आहोत हे ऐकणाऱ्याला कळत राहतं. इथेही चार सेनापती म्हणजे वाचकाच्या चार खुंट्या. आणि कथेचा सगळ्यात चतुर डाव या खुंट्यांवरच आहे.

चारही आघाड्या हळूहळू हरायला लागतात. ब्राइनची एक तुकडी नको तिथे अडकते. बशीरचं लक्ष असतं तिकडून शत्रू येत नाही, दुसरीकडूनच अख्खी फौज येते. ॲगेलमारच्या बाबतीत हे जवळून दिसतं. लॅनला एकेक हुकूम ऐकताना काही खटकत नाही. इथली राखीव फळी थोडी लवकर काढली, तिथले धनुर्धारी जरा उशिरा हलवले. प्रत्येक निर्णयाला कारण आहे, आणि हे कारण थोर सेनापतीने दिलेलं आहे. पण सगळे निर्णय एका ओळीत ठेवले की ती पराभवाकडे नेणारी रेष निघते. ग्रेंडाल नावाची शत्रूची सरदारीण चौघांच्या स्वप्नांत शिरून त्यांची बुद्धी किंचित वाकवत असते. मोठा घात केला असता तर लगेच पकडला गेला असता. आपल्या हातून काय होतंय हे समजल्यावर ॲगेलमार स्वतःच्या जिवावर उठतो आणि लॅन त्याला अडवतो.

रचनेच्या दृष्टीने हा डाव दोन कामं एकदम करतो. चार आघाड्या मोडतात आणि उरलेल्या फौजा पुन्हा मेरिलॉरच्या मैदानाकडे ढकलल्या जातात, म्हणजे विखुरलेली पात्रं आपोआप एका जागी येतात. शिवाय चार नामांकित सेनापती बाद झाल्यावर सूत्रं घ्यायला एकच माणूस उरतो: मॅट. त्याच्या डोक्यात शेकडो मेलेल्या योद्ध्यांच्या आठवणी चौथ्या खंडापासून भरलेल्या आहेत, आणि गळ्यातल्या कोल्ह्याच्या तोंडाच्या पदकामुळे शक्तीचा प्रयोग त्याच्यावर चालत नाही. मॅट सेनापती होतो हे लेखकाने लादल्यासारखं वाटत नाही, कारण दुसरं कोणी शिल्लकच नाही.

घड्याळाची युक्ती याहून मोलाची आहे. नायक अंधाऱ्या गुहेत एकटा, बाहेर लाखोंचं युद्ध, आणि दोन्हींचा कळस एकाच क्षणी हवा, हे अशा मालिकांचं ठरलेलं दुखणं. गुहेतला सामना तासाभरात संपायला हवा. युद्धाला दिवस लागतात. इथे नियम असा केलाय की डार्क वनच्या कैदेच्या भोकाजवळ काळ मंद चालतो, आणि जितकं जवळ जावं तितका जास्त मंद. रँड, नायनीव्ह आणि आयझ सेडाय म्वारेन आत शिरतात. आत काही क्षण जातात तेव्हा बाहेर तासन्‌तास उलटलेले असतात. रँडला दहा पानांनी भेटलं काय किंवा दोनशे पानांनी, हिशेब बिघडत नाही. शिवाय दोन्हीकडच्या माणसांवर ताण येतो: बाहेरच्यांना वाटतं हा मेला की काय, आणि आतल्याला कळत असतं की आपला एक श्वास म्हणजे बाहेरची कितीतरी प्रेतं.

३७वं प्रकरण जवळून

एवढ्या लांब लढाईत वाचक दोन कारणांनी सुटतो. कोण कुठे आहे ते कळेनासं होतं, किंवा कोणी जिंकलं-हरलं तरी फरक पडेनासा होतो.

पहिल्यावरचा उपाय भूगोल. मैदानात लक्षात ठेवायला तीन-चारच खुणा आहेत: मोरा नदी, ती पायी ओलांडायची जागा, पोलोव्हची टेकाडं आणि एक उंच सुळका. शत्रू वरच्या अंगाला नदी अडवतो, पात्र कोरडं पडतं आणि राक्षसी ट्रोलॉक त्यातूनच धावून येतात. लढाई भरकटायला लागली की लेखक आपल्याला नदीपाशी परत आणतो. डावपेच जुळवायला रोमान्झुक यांची मोठी मदत झाली.

दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे जुनी देणी. बाराव्या खंडात मॅटला हिंडरस्टॅप नावाचं गाव लागतं. तिथली माणसं रोज रात्री पिसाट होऊन एकमेकांना मारतात आणि सकाळी आपापल्या बिछान्यात धडधाकट उठतात. ते प्रकरण तेव्हा नुसतं भयकथेचा तुकडा वाटतं, आणि काहींनी त्याला भरताड म्हटलं होतं. चौदाव्यात मॅट त्याच गावकऱ्यांना धरणावरच्या शत्रूशी लढायला उभं करतो. ते मरतात, आणि दुसऱ्या सकाळी परत येतात. धरण फुटतं, कोरड्या पात्रातल्या ट्रोलॉकांवरून पाणी जातं. एका विचित्र शापाची सेनापतीला उपयोगी पडणारी बाजू अशी निघते.

अशीच वसुली तोफांची. मोडक्या तोफा एका गुहेत लपवून दुरुस्त केल्यात. शक्तीने हवेत दार उघडायचं, तोफ डागायची, दार मिटायचं. तोफ शत्रूला कुठून येते ते कळतच नाही. दार उघडून प्रवास करण्याची विद्या मालिकेत निम्म्यापासून आहे. त्या विद्येला तोफ जोडणं ही शेवटच्या खंडाची भर.

शत्रूचा सेनापती डेमँड्रेड एकामागून एक तिघा-चौघांना लोळवतो. गॅविन मरतो, गॅलाडचा हात जातो. मग लॅन येतो. मालिकेच्या सुरुवातीला लॅनने रँडला तलवार शिकवली तेव्हा 'म्यान करणे' ही चाल सांगितली होती: मारण्याचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तर शत्रूची तलवार आपल्या अंगात घ्यायची आणि त्या क्षणी आपली चालवायची. दुसऱ्या खंडात रँड ती वापरतो. चौदाव्यात ज्याने शिकवली तोच वापरतो. ही ओळख वाचकाला अर्ध्या वाक्यात पटते, कारण ती तेवीस वर्षं बँकेत पडून होती. पहिल्या खंडात सापडलेलं, मेलेल्या वीरांना बोलावणारं शिंगही दुसऱ्या खंडानंतर थेट इथेच फुंकलं जातं, आणि फुंकणारा ऑल्व्हर नावाचा पोरगा असतो.

एग्वेनचा मृत्यू याच लढाईत. ती शत्रूच्या विध्वंसक विद्येवर उलटी विद्या शोधते आणि त्यातच स्वतः जळून जाते. तिच्याबद्दलची जॉर्डन यांची टिपणं सर्वात भरलेली होती, पेरिनची सगळ्यात त्रोटक. तो फरक वाचताना जाणवतो. एग्वेनचा धागा ताणलेल्या तारेसारखा सरळ जातो. पेरिन मात्र स्वप्नसृष्टीत एका शत्रूमागे पळत राहतो, आणि ते पळणं थोडं आटोपतं घेता आलं असतं.

गुहेत काय होतं

रँड आणि डार्क वन तलवारीने लढत नाहीत. दोघं एकमेकांना संभाव्य जगं दाखवतात. रँड दुष्टपणा पूर्ण काढून टाकलेलं जग उभं करतो आणि त्यातली माणसं आतून रिकामी झालेली पाहून हादरतो. म्हणून तो डार्क वनला मारत नाही, पुन्हा कोंडतो. साधन म्हणून कॅलँडॉर नावाची काचेसारखी तलवार आहे. तिच्यातला दोष कित्येक खंड धोका म्हणून नाचवलेला आहे: ती वापरणाऱ्याचा ताबा दुसरे घेऊ शकतात. शत्रूचा मोरिडिन ती उचलतो आणि त्या दोषातच अडकतो. त्याच्यामार्फत डार्क वनची स्वतःची शक्ती ओढून, तिच्या आवरणात साइदीन आणि साइदार विणून रँड भोक बुजवतो. मागच्या वेळी पुरुषांनी एकट्यानेच बुजवलं होतं आणि साइदीन नासली. यावेळी दोन्ही भाग एकत्र आहेत आणि त्यांना स्पर्श होऊ नये म्हणून हातमोजा घातलाय. मालिकेचं तंत्र इथे चोख जुळतं.

मग देहांची अदलाबदल. रँडचं शरीर मरतं आणि तो मोरिडिनच्या शरीरात जागा होतो. पुष्कळांना हे आभाळातून पडल्यासारखं वाटलं. पण सातव्या खंडाच्या शेवटी (१९९६) दोघांनी सोडलेल्या विध्वंसक किरणांची गाठ पडते आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना जाणवू लागतात. मधली सतरा वर्षं वाचक ते विसरला असेल, तर दोष थोडा प्रकाशनाच्या वेगाचा आहे.

उपसंहाराचा बराचसा मजकूर जॉर्डन यांचा आहे, आणि तो वेगळा कळतो: वाक्यं लांब होतात, घाई संपते. नव्या देहातला रँड स्वतःच्या चितेपासून दूर जातो. त्याच्या हातून शक्ती गेलेली आहे. चिलीम पेटवायची असते, आग नसते. तो ती पेटल्याचा विचार करतो आणि ती पेटते. कशी, ते कुठेच सांगितलेलं नाही. सँडरसन यांनीही त्यात स्पष्टीकरण घुसवलं नाही, आणि इतक्या लिहित्या लेखकाला तो मोह आवरणं सोपं नसावं.

पलंगाखाली ढकललेलं

डेमँड्रेडबद्दलची तक्रार रास्त आहे. तो कुठे दडलाय यावर वाचकांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले. चौदाव्यात तो शारा या जवळपास न पाहिलेल्या देशाची अख्खी फौज घेऊन अचानक प्रकटतो. तिथे तो त्यांचा तारणहार कसा झाला, हे सांगणारा भाग लिहिला होता. तो कापला आणि 'रिव्हर ऑफ सोल्स' या नावाने २०१३मध्येच 'अनफेटर्ड' या कथासंग्रहात छापला. शेवटच्या खंडात नवा देश उभा केला की लढाई थांबते, म्हणून कापणं समजतं. पण तो तुकडा वाचल्याशिवाय डेमँड्रेड फक्त तगडा खलनायक राहतो. वाचल्यावर त्याची कीव येते.

त्याहून गमतीचं उदाहरण तेराव्या खंडात आहे. ॲस्मोडियन या शत्रूच्या सरदाराला कोणी मारलं, हे कोडं पाचव्या खंडापासून (१९९३) पडलेलं होतं. उत्तर मिळालं ते पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत, एका नोंदीत. सतरा वर्षांचा वाद, आणि निकाल परिशिष्टात.

शॉन्चॅन साम्राज्याची गुलामगिरीही तशीच राहते. शक्ती असलेल्या स्त्रियांच्या गळ्यात पट्टा घालणारे हे लोक युद्धात आपल्या बाजूने लढतात आणि पट्टे काढत नाहीत. पुढची कथा जॉर्डन मॅट आणि त्याची सम्राज्ञी टुऑन यांच्यावरच्या वेगळ्या कादंबऱ्यांत सांगणार होते. त्या लिहिल्याच गेल्या नाहीत.

वाचायचं असेल तर

क्रम प्रकाशनाचाच ठेवावा. 'न्यू स्प्रिंग' हा पूर्वकथेचा खंड २००४चा, म्हणजे दहाव्यानंतरचा. तो सगळ्यांच्या आधी वाचला तर म्वारेनचं गूढ आधीच फुटतं. दहावा खंड जड गेला तर प्रस्तावना आणि शेवटची प्रकरणं नीट वाचून मधलं भरभर चाळलं तरी अकराव्यात अडत नाही. मालिका सोडून वर्षं झाली असतील आणि फक्त शेवट गाठायचा असेल तर बारावा, तेरावा, चौदावा एका दमात घ्यावेत. त्याआधी दुसऱ्याचा शेवट (शिंग), चौथ्यातला मॅट, सातव्याचा शेवट (किरणांची गाठ) आणि नवव्याचा शेवट (साइदीनची शुद्धी) एवढं पुन्हा चाळावं. 'रिव्हर ऑफ सोल्स' चौदाव्यानंतर लगेच.

ऐकणाऱ्यांसाठी मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या जोडप्याचं वाचन आहे. चौदावा खंड सुमारे ४२ तासांचा, त्यातले नऊ-एक तास एकट्या ३७व्या प्रकरणात जातात. ऐकताना थांबायचं असेल तर दृष्टिकोन बदलतो तिथे थांबावं आणि कोणाचा सुरू होता ते नाव लिहून ठेवावं. नावांचे उच्चार डोळ्यांनी वाचल्यापेक्षा बरेच वेगळे निघतात, त्यामुळे पहिला अर्धा तास काही ओळखीचं वाटणार नाही.